एकोणसाठ मणी

घरात दीर्घ मुदतीचे आजारपण आले की घरातल्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो : मन शांत ठेवा. डॉक्टर तो देतात, नातेवाईक देतात, आरोग्यविषयक नियतकालिकेही देतात. सल्ला योग्यच आहे. झोप, भूक, रक्तदाब या साऱ्यांचे धागे मनाच्या अवस्थेशी जुळलेले असतात, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. परंतु मन शांत ठेवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे सांगणारे क्वचितच भेटतात. डोळे मिटून बसावे, तर मिटलेल्या पापण्यांआड क्रिॲटिनिनचे आकडे उभे राहतात. श्वासाकडे लक्ष द्यावे, तर तिसऱ्या श्वासाला ते लक्ष औषधांच्या बिलाकडे वळलेले असते. ज्याचे मन मुळातच स्थिर आहे त्याला ध्यान साधते, आणि ज्याला ध्यानाची खरी निकड आहे त्याला ते साधत नाही, असा हा पेच आहे.

या पेचात मला आधार मिळाला तो अगदी अनपेक्षित ठिकाणाहून : कॅथलिक परंपरेतील जपमाळेच्या प्रार्थनेतून. मी वारकरी घरात वाढले. तुळशीची माळ, हरिपाठ आणि एकादशी हे माझ्या रक्तातले संस्कार आहेत, आणि आजही ते तसेच आहेत. धर्म बदलण्याचा प्रश्न कधी उद्भवला नाही. तसा आग्रहही कोणी केला नाही. परंतु शेजारच्या घरातील दिव्याने आपल्या अंगणातही थोडा उजेड पडतो. त्या उजेडात मला जे दिसले, ते आजारपणाशी झुंजणाऱ्या इतर कुटुंबांनाही उपयोगी पडेल, असे वाटते.

माझ्या यजमानांची मूत्रपिंडे निकामी झाल्यावर आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झाले. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. प्रत्येक वेळी चार तास. आत रुग्ण यंत्राला जोडलेला असतो आणि बाहेरच्या बाकावर त्याचे माणूस बसलेले असते. त्या बाकावर वसईच्या वाडीतल्या एक मावशी असत. त्यांचा चाळिशीतला मुलगा आत असे. पिशवीतून डबा, पाण्याची बाटली आणि मुलाचा टॉवेल काढून झाला की त्या एक छोटी माळ हातात घेत आणि ओठ हलवू लागत. वीस-पंचवीस मिनिटांनी माळ पुन्हा पिशवीत जाई. मग त्या माझ्याशी भाजीच्या भावापासून सुनेच्या नोकरीपर्यंत सगळ्यावर बोलत. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. परंतु त्या काळजीने त्यांना गिळलेले नव्हते. दोन महिन्यांनी मी धीर करून विचारले, "मावशी, इथे एवढ्या गोंगाटात तुमचं मन कसं लागतं?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "लागतं कुठं, बाय? मन जाणारच. गेलं की मणी पुढे सरकवायचा."

पुढच्या काही महिन्यांत मी जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते सारे या एका वाक्याचाच विस्तार होता, असे आता मला वाटते.

माळेची रचना

कॅथलिक जपमाळेत, म्हणजे रोझरीत, एकोणसाठ मणी असतात. त्यांपैकी सहा मण्यांवर येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि त्रेपन्न मण्यांवर मारियेला वंदन करणारी प्रार्थना. माळेला एक छोटी शेपटी असते. तिच्या टोकाला क्रूस. तिथून सुरुवात करून मुख्य वर्तुळात शिरायचे. वर्तुळात दहा-दहा मण्यांचे पाच गट आहेत. प्रत्येक गटाला दशक म्हणतात, आणि प्रत्येक दशकाच्या आरंभी येशूच्या किंवा मारियेच्या जीवनातील एक प्रसंग मनापुढे आणायचा असतो. या प्रसंगांना रहस्ये म्हणतात.

आपल्या नामजपाहून ही प्रार्थना इथे वेगळी होते. नामजपात नाम हेच सर्वस्व असते. रोझरीत ओठांवरचे शब्द पार्श्वभूमीला वाहत राहतात, जसा भजनात तंबोरा, आणि त्या सुरावर मन एखाद्या प्रसंगाभोवती हळूहळू फिरत राहते. हाताला मणी, ओठांना शब्द आणि मनाला चित्र. चंचल माणसाला एकाच वेळी तीन ठिकाणी बांधून ठेवण्याची ही युक्ती आहे. एक दोरी सुटली तरी दुसरी धरून ठेवते.

तिचा उगम मला फार भावला. बायबलमध्ये दीडशे स्तोत्रे आहेत. मध्ययुगीन युरोपातील मठांत ती नेमाने म्हटली जात. ज्यांना वाचता येत नसे ते लोक त्यांच्या जागी दीडशे साध्या प्रार्थना म्हणत आणि मण्यांवर मोजत. म्हणजे रोझरी ही निरक्षरांची स्तोत्रसंहिता होती. ज्ञानेश्वरी वाचता न येणाऱ्या माझ्या आजीचे सगळे अध्यात्म हरिपाठाच्या पाठांतरावर उभे होते, ते मला आठवले.

रहस्यांचे वारही ठरलेले आहेत. आनंदाची रहस्ये सोमवारी आणि शनिवारी, दुःखाची मंगळवारी आणि शुक्रवारी, गौरवाची बुधवारी आणि रविवारी. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची रहस्ये नव्याने जोडली, ती गुरुवारी. आमच्या बाकाच्या वाट्याला त्यामुळे दुःख, प्रकाश आणि आनंद असा क्रम आला. डायलिसिसवरच्या रुग्णाच्या घरी शनिवारनंतर मंगळवारपर्यंतचा काळ सर्वांत कठीण असतो. दोन पूर्ण दिवस यंत्र नसते; अंगात पाणी साठते, पाय सुजतात, धाप लागते. मंगळवारी सकाळी आम्ही रुग्णालयात पोहोचत असू ते अशा अवस्थेत. आणि मंगळवारचे पहिले रहस्य म्हणजे गेथसेमनीच्या बागेतला येशू. अटकेच्या आदल्या प्रहरात तो व्याकूळ होऊन प्रार्थना करतो, शिष्यांना सोबतीने जागे राहायला सांगतो आणि शिष्य झोपी जातात. रात्रभर उशाशी बसून पहाटे डुलकी लागलेल्या माणसाला ही गोष्ट परक्या धर्माची वाटत नाही.

भरकटणारे संत

मावशींच्या धर्मग्रामातील फादरांनी मला संतांविषयी काही पुस्तके वाचायला दिली. संत म्हणजे निश्चल बसलेली, चेहऱ्यामागे तेजोवलय असलेली मूर्ती, अशी चित्रे चर्चच्या भिंतींवर असतात. पुस्तकांत भेटलेली माणसे मात्र आजारी, अस्वस्थ आणि विलक्षण प्रामाणिक होती.

स्पेनमधील अविला या नगरातली संत तेरेसा (१५१५ ते १५८२) ही कॅथलिक चर्चमधील ध्यानप्रार्थनेची थोर आचार्या मानली जाते. ऐन तारुण्यात ती इतकी आजारी पडली की चार दिवस तिला शुद्ध नव्हती. तिच्यासाठी कबरही खणून ठेवली होती. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे तिचे अंग लुळे होते. अशा स्त्रीने आत्मचरित्रात सांगून ठेवले आहे की, कित्येक वर्षे प्रार्थनेच्या तासाला तिचे लक्ष देवाकडे कमी आणि तास कधी संपतो याकडे अधिक असे. पुढे १५७७ साली 'अंतरीचा किल्ला' या अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिताना तिच्या डोक्यात सतत आवाज घुमत होते. त्याविषयी ती सांगते त्याचा आशय असा : मनाची खडखड ही पिठाच्या गिरणीच्या खडखडीसारखी आहे, ती बंद करण्याच्या खटाटोपात पडू नये, आपले दळण चालू ठेवावे.

फ्रान्समधील लिझ्यूची संत तेरेजा (१८७३ ते १८९७) चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. रोझरी एकटीने म्हणणे तिला अतिशय जड जाई, कितीही प्रयत्न केला तरी मन रहस्यांवर ठरत नसे. प्रार्थनेच्या वेळी तिला झोपही लागे. त्याबद्दल तिचा युक्तिवाद असा की, आईबापांना मूल झोपेतही जागेपणाइतकेच प्रिय असते. आणि शस्त्रक्रिया करण्यापूर्वी डॉक्टरही रोग्याला झोपवतातच.

हे वाचून माझ्या मनावरचे एक ओझे उतरले. ध्यानमार्गातली इतकी मोठी माणसे भरकटत होती, कंटाळत होती, पेंगत होती, आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्याच जागी येऊन बसत होती. मन भरकटणे हा प्रार्थनेतला बिघाड नसून तो तिचा कच्चा माल आहे. परत येणे हीच प्रार्थना. वीस मिनिटांत मन चाळीस वेळा गेले आणि चाळीस वेळा परत आणले, तर चाळीस वेळा व्यायाम झाला. मण्याचे काम एवढेच, की परतीची वाट बोटांना ठाऊक राहावी.

श्वासाचा हिशेब

शरीरावर या सगळ्याचा काय परिणाम होतो, ही जिज्ञासा या पाक्षिकाच्या वाचकांना असणारच. इटलीतील पाविया विद्यापीठाचे लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेवीस निरोगी प्रौढांना त्यांनी लॅटिन भाषेतील मारियेची प्रार्थना आणि एक तिबेटी वळणाचा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींमुळे श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांच्या चढउतारांची लय जुळून आली आणि रक्तदाब सावरणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक संवेदनक्षम झाली. एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची आणि दुसऱ्याने उरलेली अर्धी, या जुन्या पद्धतीत एका आवर्तनाला दहाएक सेकंद लागतात. तेवढ्यात सावकाश एक श्वास पुरा होतो.

अभ्यास लहान होता, त्यातली माणसे निरोगी होती आणि प्रार्थना मराठीत नव्हती. तेव्हा रोझरीने रक्तदाब बरा होतो, असा अर्थ यातून काढू नये. संथ, लयबद्ध उच्चाराने श्वास आपोआप संथ होतो आणि संथ श्वास शरीराला विसाव्याकडे नेतो, एवढे मात्र म्हणता येते. मंत्र आणि मारियेची प्रार्थना या दोहोंचा परिणाम सारखाच निघाला, ही गोष्ट मला विशेष समाधानाची वाटली. देवघरे वेगळी असली तरी छातीचा भाता एकच आहे.

श्वासाचे हे मर्म प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी एका जखमी सैनिकाला उमगले होते. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या छोट्या पुस्तकात प्रार्थनेच्या तीन पद्धती दिल्या आहेत. तिसरी अशी की, प्रभूच्या प्रार्थनेतला एक शब्द घ्यावा, तो एका श्वासाबरोबर मनात म्हणावा, आणि पुढचा श्वास येईपर्यंत त्या शब्दाच्या अर्थावर किंवा ज्याला उद्देशून तो आहे त्याच्यावर मन ठेवावे. मग दुसरा शब्द, दुसरा श्वास. रात्री दोन वाजता झोप उडाली की मी 'राम कृष्ण हरी' या तीन शब्दांवर हीच रीत वापरते. झोप येतेच असे नाही; परंतु जागरणाची धार बोथट होते.

अंथरुणातला शोध

इग्नेशियस यांची कथा आजारपणातूनच सुरू होते. १५२१ साली पाम्प्लोना येथील लढाईत तोफगोळा लागून त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून असताना त्यांनी शौर्यकथांची पुस्तके मागितली. घरात होती ती फक्त दोन : येशूचे चरित्र आणि संतांच्या कथा. वाचता वाचता त्यांना स्वतःच्या मनातला एक फरक ध्यानात आला. दरबारातल्या पराक्रमाची स्वप्ने रंगवताना आनंद होई. पण ती ओसरली की मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचे विचार मात्र येऊन गेल्यावरही मागे प्रसन्नता ठेवून जात. विचार येताना कसा वाटतो यापेक्षा तो जाताना काय ठेवून जातो, हे पाहण्याची सवय त्यांना तेथे लागली.

या सवयीतूनच दिवसाच्या सिंहावलोकनाची त्यांची पद्धत घडली. तिला आत्मपरीक्षण म्हणतात. पायऱ्या पाच : दिवसात जे मिळाले त्याबद्दल आभार, स्वतःकडे स्वच्छ नजरेने पाहण्यासाठी प्रकाशाची याचना, सकाळपासूनचा दिवस क्रमाने आठवणे, जे चुकले त्याबद्दल क्षमा, आणि उद्यासाठी एक निश्चय. एवढ्याला दहा ते पंधरा मिनिटे पुरतात.

आम्ही उभयतांनी रात्रीच्या औषधांनंतर हे सुरू केले. देवासमोर निरांजन लावून, आपापल्या शब्दांत. पहिल्या पायरीवर यजमान अगदी साध्या गोष्टी सांगत. आज तहान कमी लागली. आज फिस्टुलात सुई पहिल्याच प्रयत्नात गेली. तो तंत्रज्ञ मुलगा हाताने चांगला आहे. पाण्याचे माप मोजून जगणाऱ्या माणसाची कृतज्ञता किती तपशीलवार असते, हे मला त्या रात्रींनी दाखवले.

मारियेच्या प्रार्थनेच्या उत्तरार्धात एक मागणे आहे. आमच्यासाठी विनंती कर, आता आणि मृत्यूच्या घटकेला, असा त्याचा भावार्थ. म्हणजे एका बैठकीत मावशी त्रेपन्न वेळा मरणाचा उल्लेख करीत, तोही मिठाचा उल्लेख करावा इतक्या साध्या सुरात. आपल्याकडे रुग्णाच्या घरात हा शब्द कोणी उच्चारत नाही. तो पडद्याआड उभा असतो, आणि सगळे त्या पडद्याकडे पाठ करून बोलत राहतात. या प्रार्थनेत दोनच क्षणांची नावे आहेत : आताचा आणि अखेरचा. भीती राहते ती या दोहोंच्या मधल्या प्रदेशात, आणि त्या प्रदेशात प्रार्थना पाऊलच टाकत नाही.

एका गुरुवारी रात्री, दिवस आठवून झाल्यावर, यजमान म्हणाले, "उद्या काही झालं तर मला यंत्रांवर फार दिवस ठेवू नका. घरी आणा." आवाजात कंप नव्हता. माझ्या हाताला त्या वेळी माळेची सवय झालेली होती; मी पुढच्या मण्यावर थांबावे तशी त्या वाक्यावर थांबले. ते पूर्ण ऐकले. त्यानंतरच्या रविवारी मुलीला फोनवर सांगितले, आणि पुढच्या तपासणीत त्यांनी स्वतःच डॉक्टरांच्या कानावर घातले. त्या संभाषणानंतर घरातले वातावरण जड होईल, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात ते हलके झाले. यजमान त्या रात्री लवकर झोपले.

देहाचे संत

कॅथलिक परंपरेतले अनेक संत देहाच्या एकेका दुखण्याशी जोडलेले आहेत. घशाच्या विकारांसाठी संत ब्लेझ. त्यांच्या सणाला, ३ फेब्रुवारीला, दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून आशीर्वाद देतात. डोळ्यांसाठी संत लुसी, दातांसाठी संत अपोलोनिया. मुंबईत माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला सर्व धर्मांचे लोक जातात. बाहेर मेणाचे हात, पाय, घर, बाळ विकत मिळतात आणि ज्याला जे हवे ते तो अर्पण करतो. मी मावशींना विचारले, "मग तुम्ही संतांची पूजा करता का?" त्या म्हणाल्या, "पूजा देवाची. संतांना आपण सांगायचं, माझ्यासाठी दोन शब्द टाका. शेजारणीला सांगतो तसं." त्यांचा जिव्हाळ्याचा शेजारी म्हणजे संत गोन्सालो गार्सिया, मूळ वसईचा. १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर त्याला मरण आले, आणि १८६२ साली त्याला संतपद मिळाले.

आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी मात्र संत कमिलस (१५५० ते १६१४) यांना अवश्य जाणून घ्यावे. जुगारात सर्वस्व घालवलेला हा इटालियन सैनिक. त्यांच्या पायाची जखम आयुष्यभर भरून आली नाही. तीच जखम त्यांना रुग्णालयात घेऊन गेली. तेथील रुग्णांची हेळसांड पाहून त्यांनी शुश्रूषा करणाऱ्यांचा संघ उभारला. संघाच्या झग्यावर लाल क्रूस असे. स्वतः बरे न होताच दुसऱ्याची सेवा करता येते, ही त्यांच्या आयुष्याची शिकवण मला कोणत्याही चमत्कारापेक्षा मोलाची वाटते.

देहाची हेळसांड करून देव मिळत नाही, हेही या परंपरेने अनुभवातून शिकले. इग्नेशियस यांनी सुरुवातीला कठोर उपवासांनी आपली प्रकृती बिघडवून घेतली. नंतर मात्र आपल्या अनुयायांना त्यांनी आरोग्य सांभाळण्याचा उपदेश केला. चर्चच्या आजच्या नियमानुसार उपवासाचे बंधन राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनच दिवशी आहे. तेही अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच्या निरोगी माणसांना. आजाऱ्यांना त्यातून मोकळीक आहे. मावशींच्या मुलाला फादरांनी स्पष्ट सांगितले होते की, तुझे पथ्य हाच तुझा उपवास. एकादशीला साबुदाणा आणि शेंगदाणे खाण्याचा हट्ट धरणाऱ्या आपल्याकडील रुग्णांनी हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. मूत्रपिंडाच्या विकारात शेंगदाण्यातले पोटॅशियम आणि फॉस्फरस त्रासदायक ठरू शकते.

संध्याकाळची माळ

पावसाळा संपता संपता मावशींचा मुलगा गेला. हृदयाने साथ सोडली. बाकावरची जागा रिकामी झाली. आठवड्यानंतर मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. ओटीवर चाळीस-पन्नास माणसे बसली होती. मध्ये छोट्या टेबलावर क्रूस, मुलाचा फोटो आणि मेणबत्त्या. मरण घडलेल्या घरी शेजारी जमून रोज माळ म्हणतात, असे कळले. एक बाजू प्रार्थनेचा पूर्वार्ध म्हणे, दुसरी बाजू उत्तरार्ध. आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता. समुद्र दूरवर असावा तसा तो येत-जात होता.

दुःखी घरी जाताना काय बोलावे, हा आपल्या सर्वांपुढचा अवघड प्रश्न असतो. तिथे तो प्रश्नच नव्हता. शब्द कोणाला शोधावे लागत नव्हते. ते शेकडो वर्षांपासून तयार होते. लोक येत, बसत, अर्धी प्रार्थना उचलत, आणि उरलेली अर्धी समोरच्यांवर सोपवत. मावशींचा आवाज काही वेळा मध्येच तुटे. तेव्हा त्यांच्या वाट्याचे शब्द बाजूची बाई पूर्ण करी. पाचव्या दशकापर्यंत त्यांचा आवाज पुन्हा लागला. एकट्याने म्हणायची प्रार्थना आणि समुदायाने म्हणायची प्रार्थना एकच कशासाठी असावी, याचे उत्तर मला तेथे मिळाले. बाकावर एकटीने घटवलेली गोष्ट इथे कामी येत होती. चहा घेताना मावशी माझ्या हातावर हात ठेवून एवढेच म्हणाल्या, "तुझ्या माणसाला सांभाळ, बाय. आणि स्वतः वेळेवर जेव."

ज्या कुटुंबांत आज कोणी दीर्घकाळ आजारी आहे, त्यांना मी नम्रपणे इतकेच सुचवेन. आपापल्या परंपरेतली एक लहान, पाठ असलेली प्रार्थना निवडावी. नवी शोधू नये. श्वासाशी जुळेल इतक्या संथपणे ती म्हणावी, आणि हाताला काहीतरी द्यावे : माळ, जोंधळ्याचे दाणे किंवा स्वतःच्या बोटांची पेरे. वेळ ठरलेली असावी, परंतु मोठी नसावी. दहा मिनिटे रोज, ही एका तासापेक्षा अधिक टिकतात. रात्री घरातल्यांनी एकमेकांना दिवसातली एक तरी चांगली गोष्ट सांगावी, रुग्णालाही सांगू द्यावी, आणि त्याने काही अवघड सांगितले तर ते मध्येच तोडू नये. औषधे, पथ्य आणि तपासण्या यांत कसर करू नये. झोप न लागणे, भूक मरणे, कशातच रस न वाटणे असे आठवडेच्या आठवडे चालले, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. प्रार्थनेने त्यांची जागा घेऊ नये, आणि घेण्याची तिला गरजही नाही.

माझे यजमान अजून डायलिसिसवर आहेत. मंगळवार अजूनही कठीणच असतो. मावशींनी त्यांच्या मुलाची माळ मला दिली. मी ती तुळशीच्या माळेशेजारी ठेवली आहे. बाकावर बसल्यावर हाती येईल ती घेते. मन जाते. आकड्यांकडे, बिलांकडे, पुढच्या वर्षाकडे जाते. मी बोटाने पुढचा मणी चाचपते, आणि ते परत येते.